मानशीचं दार

रात्री अडीच वाजता मी ‘ळ’च्या दुसऱ्या गाठीशी अडले होते.
पहिली गाठ नीट बसते, दुसरी फुगते.
ती जरा आत ढकलली
की शेजारचा काना उगाच लांब वाटू लागतो.
चार दिवस हेच.

चोडणात सगळं निजलेलं.
फेरीबोट रायबंदरच्या धक्क्याला बांधलेली.
उल्हास निजलेला, नीरद निजलेला,
त्याच्या दप्तरात माझ्या सहीवाचून राहिलेली वही.

सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडली तेव्हा म्हटलं होतं,
आता माझी वेळ माझी.
ती इतकी माझी झाली
की कुणाला द्यायला उरली नाही.

वेळापत्रकं करून पाहिली.
हिरवा रंग घराला, केशरी कामाला,
सातनंतर फोन तांदळाच्या डब्यात.
तिसऱ्या दिवशी डबा वाजला
आणि भात उशिरा शिजला.

खिडकीवर टकटक. काइतान.
कपाळावर बॅटरी, हातात टोपली;
यंदा मानशीची पावणी त्याच्याकडे,
जाळं काढायला निघालेला.
“बाये, तुझा दिवा बघून मी वेळ धरायचो.
पण हा दिवा भरती बघत नाही, सुकती बघत नाही.
चल. दार मिटताना बघ एकदा.”

बांधावरून गेलो. उजवीकडे नदी,
डावीकडे कापणी होऊन रिकामं झालेलं खाजन,
मधे काळ्या फळ्यांचं ते दार,
माझ्या आजोबांच्याही आधीचं.
शेतातलं पाणी बाहेर धावत होतं.
मग सावकाश झालं.
मग किती तरी वेळ ते कुठेच गेलं नाही.
मग नदीने खांदा लावला
आणि दार मिटलं,
जेवणानंतर कुणी डोळे मिटावेत तसं.
कडी नव्हती. कुणी ढकललं नव्हतं.

“रोज किती वाजता?” मी विचारलं.
काइतान हसला. “रोजचं रोज.
आजच्याहून उद्या पाऊण तास पुढे.
घड्याळ लावून मिटलं असतं
तर आठवड्यात शेत खारट.”

फटीतून पाणी झिरपत होतं. मी बोट दाखवलं.
“झिरपू दे. थोडं खारं आत यायला हवं,
नाहीतर कोळंबी कुठून?
पेरणीला मात्र घट्ट.
तेव्हा मी पाद्रीचंही ऐकत नाही.”

मानस.
इथे आम्ही त्या दाराला म्हणतो,
बाकी मराठी मनाला.
अक्षरांवर पोट भरते मी,
आणि हे त्या रात्री ध्यानात आलं,
चिखलात घोट्यापर्यंत उभी असताना.

सकाळी पुण्याच्या गिऱ्हाइकाला कळवलं, दोन दिवस लागतील.
त्यांनी एक दिला. मी दोन घेतले.
पुढचं काम त्यांनी दुसरीकडे दिलं.
त्या महिन्याचा हप्ता उल्हासने भरला
आणि त्यावरून आम्ही भांडलो, चांगलंच.
वहीवर सही केली; तारीख उलटून गेली होती.

अजून जागते. कधी आठवडाच्या आठवडा.
फक्त ती मधली घटका ओळखू येऊ लागली आहे,
पाणी कुठेच जात नसतं ती.
तेव्हा हात उचलते.
कधी उचलत नाही.

परवा काइतान फळी घेऊन आला.
मानशीपाशी पोरं येऊन बसतात, पाटी हवी.
ओसरीवर मांडी घालून, कुंचल्याने,
शिसपेन्सिलीची रेघही न मारता लिहिली:
गळ टाकू नये.
नीरद डबा धरून होता, अर्धा रंग त्याच्या चड्डीवर.
‘ळ’ची दुसरी गाठ फुगली.

“वाकडा आला,” मी म्हटलं.
काइतानने पाटी काखेत मारली,
टोपलीतून चार शेवटे काढून पायरीवर ठेवले.
“मासे वाचत नाहीत, बाये.
आणि पोरं मानत नाहीत.”